वारसा फडाचा

जपानच्या काबुकी रंगभूमीवर नट बहुधा घराण्यातच जन्मतो. बापा-आज्याचे नाव समारंभाने पुढच्या पिढीला देतात. २०२२ साली इचिकावा दांजुरो हे नाव घेणारा नट तेरावा. गंमत अशी की, ही कला सुरू केली ओकुनी नावाच्या बाईने, आणि १६२९ मध्ये स्त्रियांनाच तेथून घालवले. आपल्या तमाशात उलटे घडले. आधी नाच्या पोऱ्या लुगडे नेसून नाचे. पुढे पठ्ठे बापूरावांबरोबर पवळा उभी राहिली आणि बाई बोर्डावर आली.

त्याच वाटेवरची विठाबाई. जन्म १९३५, पंढरपूर. आजा नारायण खुडे तमासगीर. बाप व चुलत्याचा फड 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर'. जपानी नटाला घराण्याचे नाव मानाचे. इथे फडाच्या नावातच जात होती आणि तीही त्यांनी झाकली नाही. गण, गवळण, वग हे शिक्षण पोरीला राहुटीतच मिळाले. पुढे तिने स्वतःच्या नावाचा फड उभा केला. दिवस भरलेले असताना ती नाचली, कनातीमागे बाळंत झाली, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आली, असे सांगतात. १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. तरी अखेर हलाखीतच. जानेवारी २००२ मध्ये ती गेली, तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या मदतीतून भागले. २००६ पासून तिच्याच नावाने महाराष्ट्र शासन जीवनगौरव पुरस्कार देते! फड मात्र थांबला नाही. मुलगी मंगला बनसोडे आणि नातू नितीनकुमार यांनी तो पुढे नेला.

हे आपल्याला का सांगावे? १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण पांढुर्णा-सौंसरवाले मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण कचेरी हिंदीच. आपली मराठी टिकली ती विठाबाईच्या कलेसारखी, घरात कानावर पडून. पोळ्याच्या पाडव्याला जांब नदीकाठी गोटमार पाहायला नातवंडे येतात, हिंदीत विचारतात, अन् मीही हिंदीतच उत्तर देतो. विठाबाईच्या बापाने असे केले असते तर फड तिथेच मोडला असता. यंदाच्या दिवाळीत मी उत्तर मराठीत देणार आहे.