खोल्मोगोरीचा कैदी राजपुत्र

जर्मनींतील संस्थानिक घराण्यांपुढें धाकट्या मुलाचें काय करावयाचें, हा प्रश्न नेहमींच उभा असे. गादी थोरल्याची, धाकट्याच्या वांट्यास घराण्याचें नांव आणि बेताची नेमणूक एवढेंच येई. मग कोणी परक्या राजाच्या सैन्यांत सेनापति होई, कोणी धर्मपीठावरील एखादी जागा पटकावी, आणि कोणाचें मोठ्या राज्याच्या वारसदारिणीशीं लग्न जमून सारें घराणें धन्य होई. अठराव्या शतकांतील ब्रन्सविकचा राजपुत्र अँटन उलरिख याच्या नशिबीं हा तिसरा मार्ग आला. त्यानें जन्मांत कोठेंहि राज्य केलें नाहीं. तरी तो एका सम्राटाचा पिता होता. आणि नेमक्या त्याच कारणानें त्याच्या आयुष्याचीं बत्तीसांहून अधिक वर्षें कैदेंत गेलीं.

अँटन उलरिखचा जन्म २८ ऑगस्ट १७१४ रोजीं वेसर नदीच्या कांठच्या प्रदेशांतील बेव्हर्नच्या वाड्यांत झाला. बेव्हर्नची ही शाखा ब्रन्सविकच्या थोर घराण्याची धाकटी पाती. तिची मिळकत लहान, परंतु सोयरीक मोठी. अँटन उलरिखची एक मावशी सम्राट सहावा चार्ल्स याची पत्नी होती. म्हणजे ऑस्ट्रियाची सुप्रसिद्ध मारिया थेरेसा ही त्याची मावसबहीण. दुसरी मावशी रशियाच्या पीटर दि ग्रेटच्या मुलाला, अलेक्सीला दिली होती. पुढें त्याची स्वतःचीं भावंडेंहि अशींच नांवारूपास आलीं. थोरला भाऊ कार्ल १७३५ सालीं वोल्फेनब्यूटेलच्या गादीवर बसला. बहीण एलिझाबेथ क्रिस्टीन प्रशियाच्या युवराजाला, म्हणजे पुढच्या फ्रेडरिक दि ग्रेटला दिली. भाऊ फर्डिनांड हा १७५९ च्या मिंडेनच्या लढाईचा विजयी सेनापति. सर्वांत धाकटी युलियाना मारिया ही १७५२ सालीं डेन्मार्कची राणी झाली. युरोपांतील निम्म्याअधिक दरबारांत ज्याचे आप्त बसले होते, अशा माणसाची ही कथा आहे, हें आरंभींच ध्यानांत ठेवलें पाहिजे.

त्या वेळीं रशियाच्या सिंहासनावर सम्राज्ञी ॲना इव्हानोव्हना होती. ती विधवा व निपुत्रिक. आपल्या बहिणीची मुलगी ॲना लिओपोल्डोव्हना हिचें लग्न एखाद्या जर्मन राजपुत्राशीं लावून त्यांच्या मुलास वारस करावें, असा तिचा बेत होता. ऑस्ट्रियाच्या दरबारानें अँटन उलरिखचें नांव पुढें केलें, आणि १७३३ च्या फेब्रुवारींत हा अठरा वर्षांचा तरुण पीटर्सबर्गला येऊन दाखल झाला. अंगानें किरकोळ, स्वभावानें लाजाळू, आणि बोलतांना अडखळणारा. वधू तेव्हां चौदा वर्षांची होती. तिला तो पहिल्या भेटींतच नावडला आणि ती नावड कधीं पुरती गेली नाहीं. लग्न सहा वर्षें लांबलें. मधल्या काळांत तो फील्ड मार्शल म्युनिखच्या हाताखालीं तुर्कांवरील मोहिमेस गेला आणि १७३७ च्या ओचाकोव्हच्या वेढ्यांत त्यानें शौर्य दाखविलें. दरबारांत अडखळणारा हा माणूस रणांगणावर मात्र डगमगला नाहीं. त्याच्या पदरीं त्या सुमारास म्युन्शहाउझेन नांवाचा एक तरुण जर्मन होता. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या अचाट थापांच्या गोष्टींचा नायक तो हाच.

अखेर १७३९ च्या जुलै महिन्यांत विवाह झाला. सम्राज्ञीचा लाडका बायरन हा आपल्या मुलाचें स्थळ पुढें रेटीत होता; त्याच्यापेक्षां ब्रन्सविकचा राजपुत्र बरा, एवढ्यासाठींच वधूनें होकार दिला असें म्हणतात. १७४० च्या ऑगस्टमध्यें त्यांना मुलगा झाला. त्याचें नांव इव्हान. दोन महिन्यांनीं सम्राज्ञी आसन्नमरण झाली, तेव्हां तिनें या तान्ह्या मुलास वारस ठरविलें. आणि तो निपुत्रिक मेल्यास याच दांपत्याच्या पुढच्या मुलांनीं क्रमानें गादीवर यावें, असेंहि लिहून ठेवलें. त्या क्षणीं हें वाक्य आईबापांस वरदानासारखें वाटलें असेल. पुढें जन्मास येणाऱ्या प्रत्येक अपत्याच्या पायांतील बेडी त्याच वाक्यानें घडविली.

इव्हान सम्राट झाला, पण सत्ता बायरनच्या हातीं गेली. त्यानें अँटन उलरिखकडून सर्व लष्करी हुद्दे सोडून दिल्याचें लिहून घेतलें. तीन आठवड्यांनीं म्युनिखनें एका रात्रींत बायरनला पकडलें. राजमाता ॲना राज्यकारभार पाहूं लागली आणि अँटन उलरिख रशियन सैन्याचा सरसेनापति झाला. परंतु नवराबायकोंत बेबनाव, मंत्र्यांत हेवेदावे, आणि पहाऱ्याच्या पलटणींत असंतोष. पीटर दि ग्रेटची मुलगी एलिझाबेथ त्या पलटणींची लाडकी होती. कट शिजत असल्याच्या सूचना वरचेवर येत होत्या. ॲनानें एलिझाबेथला समोरासमोर विचारलें. तिनें अश्रु ढाळून नाकबूल केलें, आणि ॲनानें विश्वास ठेवला. १७४१ सालीं, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें २५ नोव्हेंबरच्या पहाटे, एलिझाबेथ शिपाई घेऊन राजवाड्यांत शिरली. दांपत्यास बिछान्यांतूनच उचललें. सव्वा वर्षाचा सम्राट पाळण्यांत होता. चार महिन्यांची मुलगी कॅथेरिन त्या गोंधळांत खालीं पडली आणि तेव्हांपासून तिला ऐकूं येईनासें झालें, अशी परंपरागत हकीकत आहे.

नव्या सम्राज्ञीचा पहिला विचार या कुटुंबास जर्मनींत परत पाठवावें असा होता. त्याप्रमाणें तीं रीगापर्यंत पोंचलीं. परंतु एलिझाबेथचें मन फिरलें. देशाबाहेर गेलेला पदच्युत सम्राट हा शत्रूच्या हातांतील सोंगटी होईल, ही भीति खरीहि होती. १७४२ च्या अखेरीस त्यांना रीगाजवळच्या ड्यूनाम्युंडे किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. तेथें एलिझाबेथ नांवाची दुसरी मुलगी जन्मली. सरहद्दीच्या इतक्या जवळ त्यांना ठेवूं नये, आंत दूर कोठें तरी हलवावें, असा सल्ला बाहेरूनहि आला. आणि तो देणारा प्रशियाचा फ्रेडरिक, म्हणजे कैद्याचा सख्खा मेहुणा. रशियाची मैत्री त्याला बायकोच्या भावापेक्षां मोलाची होती. सोयरीक ही राजकारणाची दासी असते, याहून उघड दाखला शोधण्याची गरज नाहीं.

१७४४ च्या आरंभीं कुटुंब रियाझान प्रांतांतील रानेनबुर्गला नेलें, आणि त्याच वर्षीं पांढऱ्या समुद्रांतील सोलोव्हेत्स्की बेटावरच्या मठांत पाठविण्याचा हुकूम सुटला. चार वर्षांच्या इव्हानला आईबापांपासून वेगळें केलें. पण नद्या गोठल्या, बेटापर्यंत नाव जाईना, म्हणून उत्तर द्विना नदीवरील खोल्मोगोरी गांवीं बिशपच्या रिकाम्या वाड्यांत मंडळी थांबली. थोर पंडित लोमोनोसोव्ह याचें जन्मगांव तेथून जवळच. हा मुक्काम हंगामी म्हणून ठरला होता. तो छत्तीस वर्षें टिकला.

वाड्याभोंवतीं उंच कुंपण, आंत तळें, भाजीचा मळा, आणि बाहेर पहारा. १७४५ सालीं पीटर आणि १७४६ सालीं अलेक्सी असे दोन मुलगे झाले. दुसऱ्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ॲना वारली. तेव्हां ती अवघी सत्तावीस वर्षांची होती. तिचें शव पीटर्सबर्गला नेऊन इतमामानें पुरलें. ती तापानें वारली असें जाहीर झालें, परंतु ज्या मुलाच्या जन्मामुळें वारली त्याचा उल्लेख टाळला. गादीस आणखी एक वारस आहे, हें लोकांना कळावयास नको होतें. त्याच वाड्याच्या एका बंदिस्त भागांत इव्हान स्वतंत्र पहाऱ्यांत वाढत होता. बारा वर्षें बाप आणि मुलगा एकाच आवारांत राहिले, आणि बापाला त्याचा पत्ता नव्हता असें सांगतात. १७५६ सालीं इव्हानला गुपचूप श्ल्युसेलबुर्गच्या किल्ल्यांत नेलें. १७६४ सालीं मिरोव्हिच नांवाच्या अधिकाऱ्यानें त्याला सोडविण्याचा प्रयत्न करतांच, आधींच मिळालेल्या हुकुमाप्रमाणें पहारेकऱ्यांनीं त्याला ठार केलें. मृत्युसमयीं त्याचें वय तेवीस वर्षांचें होतें.

त्यापूर्वीं दोन वर्षें, १७६२ सालीं, अँटन उलरिखच्या आयुष्यांतील एकमेव खरा निर्णय त्याच्यापुढें आला होता. कॅथेरिन दि ग्रेट नुकतीच गादीवर आली होती. तिनें बिबिकोव्ह नांवाच्या अधिकाऱ्याबरोबर निरोप पाठविला: राजपुत्रानें खुशाल मायदेशीं जावें, मुलांना मात्र सोडतां येणार नाहीं. बाईचा हिशेब सरळ होता. अँटन उलरिखच्या अंगीं रशियाच्या राजरक्ताचा थेंब नव्हता. तो मुलांच्या अंगीं होता. बाप निरुपद्रवी, मुलें धोक्याचीं.

त्या वेळीं तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. कैदेंत एकवीस वर्षें उलटलीं होतीं. जर्मनींत भाऊ गादीवर होता, दुसऱ्या भावाच्या पराक्रमाचा सर्वत्र बोलबाला होता, एक बहीण प्रशियाची व दुसरी डेन्मार्कची राणी होती. उरलेलें आयुष्य एखाद्या वाड्यांत सुखानें घालविणें त्याला सहज शक्य होतें. त्यानें नकार दिला. मुलांशिवाय जाणार नाहीं, असें कळविलें आणि तो कुंपणाच्या आंत राहिला.

येथवरचें त्याचें आयुष्य दुसऱ्यांनीं ठरविलें होतें. रशियाला पाठविलें ऑस्ट्रियानें, लग्न लावलें सम्राज्ञीनें, हुद्दे काढले बायरननें, ते परत दिले म्युनिखनें, कैदेंत टाकलें एलिझाबेथनें. इतिहासकारांनीं त्याला दुबळा म्हटलें तें अगदींच निराधार नाहीं. परंतु ज्या एका गोष्टीवर त्याची स्वतःची सत्ता चालली, तेथें त्यानें जें केलें तें त्याच्या बलाढ्य आप्तांपैकीं कोणासहि करावें लागलें नाहीं. मुलांची सुटका करणें त्याच्या हातीं नव्हतें. त्यांना पोरकें न करणें एवढेंच हातीं होतें. आणखी बारा वर्षें तो त्यांच्याबरोबर राहिला. शेवटीं शेवटीं त्याची दृष्टि गेली. १७७४ च्या मे महिन्यांत तो खोल्मोगोरी येथेंच वारला आणि गाजावाजा न करतां त्याला तेथेंच पुरण्यांत आलें.

मुलांची सुटका १७८० सालीं झाली. तोंवर कॅथेरिनला दोन नातू झाले होते आणि तिच्या वंशाला धोका उरला नव्हता. डेन्मार्कची राजमाता युलियाना मारिया हिच्याशीं पत्रव्यवहार होऊन चौघांना आत्याच्या देशीं पाठविण्याचें ठरलें. तपासणीसाठीं गव्हर्नर मेल्गुनोव्ह खोल्मोगोरीला आला, तेव्हां चौघांपैकीं सर्वांत धाकटाहि चौतीस वर्षांचा होता. त्या चौघांना उत्तरेकडील शेतकऱ्यांची रशियन बोली तेवढी येत होती. उन्हाळ्यांत मळ्यांत काम करावें, कोंबड्या-बदकांना दाणे घालावे; हिवाळ्यांत धर्मग्रंथ वाचावे, पत्ते खेळावे, असा त्यांचा क्रम. थोरली बहीण बहिरी असल्यामुळें बोलण्याचें काम एलिझाबेथ करी. तिनें मेल्गुनोव्हला सांगितलें तें असें, कीं तरुणपणीं मोठ्या जगांत जाण्याची हौस होती. आतां ती राहिली नाहीं. येथेंच राहूं द्यावें. फक्त कुंपणाबाहेरच्या कुरणांत फिरावयास परवानगी मिळावी, कारण तेथें आपल्या बागेंत नसलेलीं फुलें आहेत असें ऐकलें आहे. शिवाय पीटर्सबर्गहून तऱ्हेतऱ्हेचीं वस्त्रें आलीं आहेत, पण तीं नेसावयाचीं कशीं हें कोणास ठाऊक नाहीं, तें शिकविणारें कोणी तरी पाठवावें.

त्यांना ठेवून घेण्यांत आलें नाहीं. ‘ध्रुव तारा’ या जहाजानें तीं नॉर्वेंतील बेर्गेनला आणि तेथून डॅनिश जहाजानें डेन्मार्कच्या हॉर्सेन्स शहरीं पोंचलीं. कॅथेरिननें प्रत्येकास वर्षाला ८,००० रुबलांची नेमणूक बांधून दिली. घर होतें, नोकर होते. परंतु तेथील भाषा कळेना, आणि बरोबर आलेलीं ओळखीचीं रशियन माणसेंहि लौकरच परत धाडण्यांत आलीं. एलिझाबेथ १७८२ सालीं, अलेक्सी १७८७ सालीं, पीटर १७९८ सालीं वारला. मागें एकटी बहिरी कॅथेरिन उरली. १८०३ सालीं तिनें रशियाच्या सम्राटाला पत्र पाठवून आपल्याला मायदेशीं परत नेऊन जोगीण होऊं द्यावें अशी विनंति केली. खोल्मोगोरी आपल्याला येथल्यापेक्षां स्वर्गासारखें होतें, असें तिनें त्यांत कळविलें होतें. ती विनंति मान्य झाली नाहीं. १८०७ सालीं ती वारली, आणि तिच्याबरोबर अँटन उलरिखचा हा वंश संपला. हॉर्सेन्सच्या जुन्या मठाच्या चर्चमध्यें चौघांना मूठमाती मिळाली.

कैदखान्यास कोणी स्वर्ग म्हटलें, तर त्याचें नवल वाटतें. परंतु कॅथेरिनच्या आठवणींतील खोल्मोगोरी म्हणजे कुंपण आणि पहारा एवढेंच नव्हतें. भावंडें तेथें एकत्र होतीं, बोललेलें समजत होतें. आणि बाहेर पडण्याची वाट उघडी असतांना ती न घेतां मुलांजवळ थांबलेला एक आंधळा म्हातारा बाप तेथें होता.