सोमनाथचे विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी इमारत, घड्याळाचा मनोरा आणि पदवीदानाचा झगा उभा राहतो. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथच्या रानात 1967 साली बाबा आमट्यांनी ज्या श्रमिक विद्यापीठाचा संकल्प केला, त्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. तरीही त्याचा इतिहास आज श्रोत्यांपुढे मांडावासा वाटतो. कारण चारचौघांत असूनही तरुणाला जे एकटेपण ग्रासते, त्यावर तेथे एक निराळाच उतारा सापडला.

या गोष्टीचा उगम मात्र वरोऱ्याला आहे. आनंदवनाच्या आरंभीच्या काळात कुष्ठरुग्णांनी पिकविलेली भाजी गावात कोणी घेईना. पुढे 1950 नंतरच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे तरुण तेथे बांधकामाला आले. महायुद्धात उद्ध्वस्त झालेले व्हर्दूनजवळचे एक खेडे पुन्हा उभारण्यासाठी 1920 साली पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने ही चळवळ सुरू केली होती. कालचे शत्रू एकत्र विटा वाहतील तर वैर ओसरेल, एवढाच त्याचा हिशेब. ही परकी मुले आनंदवनात राहतात, तिथलेच अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याने पाहिले आणि भाजी खपू लागली. जी भीती व्याख्यानांनी गेली नसती (आम्ही हे व्याख्यानपीठावरूनच कबूल करीत आहो!), ती पंगतीने घालविली.

सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत हाच हिशेब आपल्या विद्यार्थ्यांना लागू झाला. ऐन मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, महाराष्ट्रभरातून मुले-मुली येतात. पहाटे बांधबंदिस्तीचे काम, दुपारी चर्चा, रात्री गाणी. शहरी मुलाच्या तळहाताला फोड येतात. कुदळ कशी धरावी हे त्याला खेड्यातला सोबती दाखवितो. तुझे मन जड का, असे कोणी विचारीत बसत नाही. मातीची पाटी पुढे सरकवायला त्याचा हात हवा असतो, इतकेच. आणि यजमान कोण? ज्यांना समाजाने वेशीबाहेर घातले होते, ते रोगमुक्त शेतकरी! आपलेपणा कोणी कोणाला द्यायचा, हा क्रमच तेथे उलटा झाला.

विद्यापीठ संकल्पाइतके मोठे झाले नाही. छावणी मात्र टिकली. 1973 साली भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्याला छावणीतून कार्यकर्ते मिळाले. 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघालेली भारत जोडो यात्रा याच वळणाची.

पण आठवड्याची छावणी आणि वर्षाचे वसतिगृह यांत फार अंतर आहे. 2011 साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ निघाले. चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये नागपूरपासून निघून त्याला जोडली गेली. भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावांत गोटुल असते. तेथे तरुण एकत्र जमतात, थोरला धाकट्याला सांभाळतो. बाहेरच्यांनी त्याविषयी कुजबुजच फार केली. त्या गावचा मुलगा पुस्तके घेऊन गडचिरोलीच्या खोलीत उतरतो, तेव्हा त्याच्या गुणांची चौकशी आपण सारेच करतो. पहिल्या रात्री त्याच्याशी माडियात कोण बोलले, हे आम्ही तरी अजून कोणाला विचारलेले नाही.