अक्षर कोणास म्हणावें?

'ज्ञानेश्वरी' या शब्दांत अक्षरें किती, असा प्रश्न मराठी दुसरींतल्या मुलास विचारला तर तें बोटांवर मोजून चार असें सांगेल. हाच प्रश्न संगणकास विचारला, तर तो ज्या आज्ञाभाषेंत व ज्या रीतीनें विचारला असेल त्याप्रमाणें तेहतीस, अकरा, सहा किंवा चार, यांपैकीं कोणतेंही उत्तर येऊं शकतें. आणि नवल असें कीं, यांपैकीं एकाही उत्तरांत गणिताची चूक नाहीं. फरक आहे तो 'अक्षर' या शब्दाच्या अर्थाचा. मजकुरांतील अक्षरें ओळीनें एकेक करून हातीं घेणें, हें संगणकाकडून करून घ्यावयाच्या कामांपैकीं अगदीं आरंभींचें काम होय. त्या कामाचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण तो वरवर यंत्राचा दिसला तरी त्याचा मोठा भाग आपल्या लिपीस येऊन भिडतो.

या आज्ञाभाषांचें बाळपण मुख्यतः अमेरिकेंत गेलें. १९६३ सालीं तेथें प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'अॅस्की' नांवाच्या संकेतांत एकंदर १२८ जागा होत्या, आणि रोमन अक्षरें, अंक व विरामचिन्हें यांचा संसार तेवढ्यांत सुखानें मावला. पुढें १९७२ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्यें डेनिस रिची यांनीं 'सी' ही भाषा घडविली. तींत एका बाइटास जें नांव दिलें, तें अक्षर या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचाच संक्षेप होतें. भ्रमाचें बीज पडलें तें येथें. इंग्रजींत बाइट, चिन्ह व अक्षर यांची संख्या एकच येत असल्यामुळें तीं तीन निरनिराळीं आहेत हें कोणाच्या ध्यानांत येण्याचें कारणच नव्हतें. ज्या गांवांत एकाच किंमतीचीं नाणीं चालतात, तेथें नाणीं मोजलीं काय आणि रक्कम मोजली काय, सारखेंच!

आपल्याकडे भारतीय लिपींसाठीं 'इस्की' हा संकेत १९८८ मध्यें तयार झाला व १९९१ मध्यें त्यास राष्ट्रीय मानकाचें रूप मिळालें. जुन्या छापखान्यांत जुळाऱ्याच्या केसांत जोडाक्षरांचेहि स्वतंत्र खिळे असत. या संकेतानें तो मार्ग सोडला. व्यंजन, हलन्तचिन्ह व मात्रा एवढींच साठवावीं आणि त्यांची जोडणी डोळ्यांस दिसतांना व्हावी, असें त्यानें ठरविलें. १९९१ च्या युनिकोडानें देवनागरीची मांडणी यावरूनच घेतली. म्हणून 'ज्ञानेश्वरी' हा शब्द यंत्राच्या पोटांत अकरा चिन्हांचा आहे: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी.

ही सर्व चिन्हें बाइटांत कशीं बसवावीं, हा पुढचा प्रश्न. १९९२ च्या सप्टेंबरांत न्यू जर्सींतील एका खाणावळींत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं त्याची एक युक्ति टेबलावरील कागदावर आंखली. तीच 'यूटीएफ-८' होय. तींत रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. अकरा त्रिक तेहतीस, हा हिशेब तेथला. दुसरीकडे १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'जावा' भाषेनें प्रत्येक अक्षरास सोळा बिटांचें एक घर दिलें. त्यांत ६५,५३६ चिन्हें मावत. परंतु लगेच १९९६ मध्यें युनिकोडास हें वाडगें अपुरें पडून नव्या चिन्हांसाठीं दोन घरांची जोडी करावी लागली. ज्या मोडी लिपींत मराठेशाहीचे कागद लिहिले गेले, ती २०१४ सालीं युनिकोडांत आली ती याच नव्या वस्तींत. त्यामुळें 'जावा'मध्यें एकेक घर मोजीत जाणारा मोडीच्या प्रत्येक चिन्हाचे दोन तुकडे करतो, व त्यांपैकीं एकालाहि स्वतंत्र अर्थ नसतो.

उत्तरकालीन भाषा अधिक सावध झाल्या. २००८ ची 'पायथन ३' चिन्हें मोजते व अकरा म्हणते. २००९ ची 'गो' बाइट व चिन्ह दोन्ही मोजूं देते. २०१४ च्या 'स्विफ्ट'नें वाचकास जें एक अक्षर वाटतें तेंच एक धरावयाचें असा बाणा घेतला. पण त्या काळच्या युनिकोडाच्या नियमांत हलन्तापाशीं अक्षर तुटत असल्यामुळें ज्, ञा, ने, श्, व, री अशीं सहा झालीं. जोडाक्षर अखंड मानावें हा देवनागरीस लागू असलेला नियम युनिकोडांत आला तो २०२३ सालीं, म्हणजे आरंभापासून बत्तीस वर्षांनीं. तेव्हां कोठें दुसरींतल्या मुलाचें उत्तर यंत्राच्या नियमास मान्य झालें!

हा केवळ पंडितांचा वाद आहे असें कोणी म्हणेल, तर तें खरें नव्हे. चिन्हें मोजून 'ज्ञानेश्वरी' उलटी केली तर आरंभींच एक निराधार वेलांटी लोंबूं लागते, आणि 'ज्ञ' चा 'ञ्ज' होतो. चार चिन्हांनंतर कापलेली 'सरस्वती' ही 'सरस्' एवढीच उरते. मोबाइलवरील एका साध्या संदेशांत इंग्रजीचीं १६० अक्षरें मावतात, देवनागरीचीं चिन्हें मात्र ७०. आणि आपलें एक अक्षर कित्येकदां तीन-चार चिन्हांचें असतें. मोजमाप दुसऱ्याचें असलें कीं माप आपल्या पदरीं कमीच पडावयाचें.

तथापि सर्व दोष परक्यांवर ढकलून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. अक्षर म्हणजे काय याचा विचार आपल्याकडे प्रातिशाख्यकारांनीं केला होता. व्यंजनासहित किंवा केवळ स्वर तें अक्षर, ही त्यांची व्यवस्था होती, आणि अनुष्टुभाच्या चरणांतील आठ अक्षरें आपण आजहि तशींच मोजतों. त्या हिशेबानें 'जगत्' दोन अक्षरांचा. नव्या यंत्रनियमानें तो तीनांचा. म्हणजे २०२३ चें उत्तरहि छंदःशास्त्र्यास पुरें पडत नाहीं. छापणारा, कापणारा, शोधणारा व छंद मोजणारा यांचीं अक्षरें वेगळीं आहेत, आणि आज्ञा लिहिणारानें आपण यांपैकीं कोण, हें आधीं ठरविलें पाहिजे.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, हें ठरविण्याच्या बैठकींत व्याकरण जाणणारा मराठी मनुष्यहि असावा. संकेत एकदां रूढ झाला म्हणजे तो बदलण्यास पिढी लागते, हें वरील बत्तीस वर्षांनीं दाखविलें आहे. आपल्या तरुणांपैकीं पुष्कळजण आज याच यंत्रांच्या व्यवसायांत आहेत. त्यांनीं आपल्या आजोबांचें व्याकरण थोडें उघडून पाहिलें, तर पुढचा नियम ठरण्यास एवढा काळ लागूं नये.