प्राणी-हस्तकला (बालवाडीतील)

तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी माती, कागद, रंग, पाने, बिया अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून प्राणी, पक्षी आणि कीटक घडवण्याचे काम. मातीकाम, ठसेकाम, चिकटकाम व घडीकाम हे त्याचे रूढ प्रकार. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तिच्यात मातीकामाला आणि कागदाच्या घड्यांना अभ्यासाचे स्थान मिळाले. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला महागड्या साधनांऐवजी शिंपले, पाने, खडे, बिया वापरल्या. या हस्तकलेला याहून अधिक काही लागत नाही.

मातीकाम सर्वांत आधी यावे. शाडू किंवा शेतातली चिकणमाती खडे काढून रात्रभर भिजवावी आणि हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळावी. तीन वर्षांचे मूल गोळा पाटावर तळव्याने मागे-पुढे लाटते. त्याचा साप होतो. साप गुंडाळला की गोगलगाय. चिमटीने चोच काढून चिमणी करायला आणखी काही महिने जातात. बैल अवघड. वेगळे पाय करून चिकटवले तर सुकताना गळून पडतात, म्हणून ते मूळ गोळ्यातूनच ओढून काढायला शिकवावे. रोज बैल पाहणारे मूल पाय विसरेल, वशिंड विसरणार नाही.

ठसेकामात तळहाताला रंग लावून उमटवलेला पंजा उलटा धरला की चार बोटे हत्तीचे पाय होतात, अंगठा सोंड. आडव्या कापलेल्या भेंडीचा ठसा मोराच्या पिसाऱ्यातल्या डोळ्यांसाठी चांगला. बोटाचे तीन ठसे एका ओळीत उमटवले की मुंगी तयार. तिला पाय किती काढायचे हे ठरवण्यासाठी मुलांना अंगणात नेऊन खरी मुंगी दाखवावी. सहा पाय मोजून आलेले मूल पुन्हा कागदाकडे वळते तेव्हा त्याच्या बघण्यात फरक पडलेला असतो. चिकटकामाला मैद्याची खळ पुरते. पिंपळाच्या पानाचे लांब टोक शेपटी मानले की उंदीर होतो, चिंचोके ओळीने बसवले की कासवाची पाठ.

बियांबाबत सावध राहावे. लालचुटुक गुंजा प्राण्यांच्या डोळ्यांसाठी शोभतात, पण त्या अतिशय विषारी असतात. एरंडाची बीही तशीच. या दोन्ही वर्गात आणूच नयेत. चिंचोके, वाटाणे, मणी मुले नाकात घालतात, म्हणून हे काम ताईंच्या नजरेसमोरच व्हावे. तीन वर्षांखालील मुलांना ते देऊच नयेत.

अनेक बालवाड्यांच्या भिंतीवर एकसारखे तीस ससे लावलेले दिसतात. कान ताईंनी कापलेले, डोळे ताईंनी काढलेले, मुलाने फक्त ठरलेल्या जागी कापूस चिकटवलेला. याला मुलाची हस्तकला म्हणता येत नाही. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, साधारण चौथ्या वर्षापर्यंत मूल रेघोट्या ओढते आणि मग हळूहळू ओळखू येणारे आकार काढू लागते. तेव्हा घोडा म्हणजे एक वाटोळे आणि त्याला फुटलेले पाच पाय, हे त्या वयाचे खरे चित्र आहे. पाचवा पाय खोडू नये. ‘हा पाय कशाला?’ असे विचारले तर मूल उत्तर देते आणि ते उत्तर ऐकण्यासारखे असते.

वर्गातल्या कामाला सणांची जोड सहज मिळते. नागपंचमीला मातीचा नाग, बेंदराला आणि पोळ्याला मातीचे बैल ही घरोघरची रीत. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्यात मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. मुलाने केलेले मातीचे बैल दोन-तीन दिवस सावलीत वाळवावेत, उन्हात ठेवले तर तडकतात. मोडलेले पुन्हा बादलीत भिजत घालावेत. उरलेले सणाच्या आदल्या दिवशी मुलांना घरी द्यावेत, म्हणजे पाटावरच्या जोडीशेजारी त्यांनाही हळद-कुंकू लागेल.