इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करताना

मोटारीचे इंजिन मोठ्या दुरुस्तीसाठी उतरवावे लागणे, हा कोणत्याही गाडीमालकाच्या दृष्टीने काळजीचा प्रसंग असतो. अशा वेळी त्याचे सारे लक्ष पिस्टन, रिंग आणि बेअरिंगच्या खर्चाकडे लागलेले असते. मात्र धडधाकट गिअरबॉक्स आणि क्लच यांचे नुकसान होण्याचा धोका सर्वाधिक असतो, तो इंजिन गिअरबॉक्सपासून विलग करण्याच्या मोजक्या मिनिटांत. हे काम शक्तीपेक्षा क्रमाचे आणि संयमाचे आहे.

जोडणीची रचना

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक बसवलेले असते. त्यावर क्लचची प्रेशर प्लेट बोल्टने आवळलेली असते आणि या दोहोंच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. गिअरबॉक्समधून पुढे येणारा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या मधोमध असलेल्या खाचांमध्ये शिरतो. मागील चाकांना गती देणाऱ्या बहुतेक गाड्यांत या शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टमधील छोट्या बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये टेकते. या साऱ्या भागांभोवती घंटेच्या आकाराचे आवरण असते. त्याला बेल हाउसिंग म्हणतात. त्याच्या कडेचे बोल्ट इंजिन व गिअरबॉक्स यांना घट्ट धरतात, तर डॉवेल पिना दोघांना अचूक एका रेषेत ठेवतात.

दोन पद्धती

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढून जमिनीवर वेगळे करायचे, की गिअरबॉक्स गाडीतच ठेवून केवळ इंजिन उचलायचे, हे गाडीच्या रचनेवर ठरते. कुर्ल्याच्या कारखान्यात २००१पर्यंत तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असून गती प्रॉपेलर शाफ्टमार्फत मागील चाकांकडे जाते. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८००मध्ये ७९६ सीसीचे इंजिन आडवे असून गिअरबॉक्स त्याच्या शेजारी असतो. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत गिअरबॉक्स बाजूला सरकवण्यास जागा अपुरी असते. त्यामुळे पुष्कळदा दोन्ही भाग एकत्र उतरवणे सोयीचे ठरते.

कामाचा क्रम

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. इंजिन थंड झाल्यावर कूलंट व गिअरबॉक्समधील ऑइल काढून घ्यावे. ऑइल आधी काढले नाही, तर ड्राइव्ह शाफ्ट किंवा प्रॉपेलर शाफ्ट निघताच ते जमिनीवर सांडण्याची शक्यता असते. त्यानंतर वायरिंग, पेट्रोलची नळी, क्लचची केबल, गिअरच्या दांड्या, सायलेन्सरचा पाइप आणि सेल्फ सोडवावा. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधून ठेवल्यास जोडणीच्या वेळी घोळ होत नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडवण्यापूर्वी त्याच्या जोडावर खूण करावी.

बेल हाउसिंगचे बोल्ट सोडवण्यापूर्वीच इंजिनाला चेनपुलीचा आणि गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार द्यावा. गाडी उचललेली असल्यास ती केवळ जॅकवर न ठेवता मजबूत स्टँडवर टेकवावी. टांगलेल्या इंजिनाखाली कोणीही हात किंवा डोके घालू नये.

बोल्ट निघाल्यावर दोन्ही भाग सरळ रेषेत एकमेकांपासून दूर सरकवावेत. मधली फट सर्व बाजूंनी सारखी वाढली पाहिजे. ती वर जास्त आणि खाली कमी दिसू लागल्यास ओढणे थांबवून जॅकची उंची जुळवून घ्यावी. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्सचे वजन त्या शाफ्टवर लोंबकळू देऊ नये. तसे झाल्यास क्लच प्लेट वाकते. मग जोडणीनंतर क्लच नीट सुटत नाही, गिअर करकरतो आणि सारे काम पुन्हा करावे लागते.

अडल्यास काय?

भाग सुटत नसतील, तर बहुधा एखादा बोल्ट राहिलेला असतो. तो सेल्फच्या मागे, वरच्या अंधाऱ्या बाजूस किंवा खालच्या पत्र्याच्या झाकणापाशी सापडतो. सर्व बोल्ट निघाल्याची खात्री पटल्यास डॉवेल पिना गंजून धरल्याचा संशय घ्यावा. त्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ थांबावे आणि लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. सांध्यात पहार किंवा स्क्रू ड्रायव्हर घुसवल्यास ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग कोरला जातो.

संधीचा उपयोग

दोन्ही भाग वेगळे झाल्यावर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील आणि फ्लायव्हीलवरील तडे किंवा निळसर डाग तपासावेत. यांतील सुटे भाग बदलण्याचा खर्च पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे सहसा किरकोळ असतो. जुन्या क्लच प्लेटच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

जोडताना नवी क्लच प्लेट मध्य साधणाऱ्या दांडीच्या साहाय्याने बसवावी. गिअरबॉक्स हाताने इंजिनाला पूर्ण भिडल्यानंतरच बोल्ट आवळावेत. फट उरलेली असताना बोल्ट आवळून भाग ओढून घेण्याच्या प्रयत्नात बेल हाउसिंगचा कान तुटल्यास वाचवलेला अर्धा तास भलताच महाग पडतो. गॅरेजमध्ये गाडी सोपवणाऱ्या मालकानेही क्लच प्लेट व ऑइल सील तपासले का आणि गिअरबॉक्समध्ये ऑइल पुन्हा भरले का, एवढे तरी बिल चुकते करण्यापूर्वी अवश्य विचारावे.