रेड ड्रायव्हर (लिनक्स)

रेड ड्रायव्हर हा सर्व्हरमधील रेड नियंत्रक व लिनक्स कर्नल यांच्यात संवाद साधणारा आज्ञावलीचा भाग आहे. रेड नियंत्रक अनेक हार्ड डिस्क एकत्र करून त्यांचा संच एकच डिस्क म्हणून सादर करतो. योग्य ड्रायव्हर नसल्यास, डिस्क निर्दोष असूनही लिनक्स स्थापित करताना ती दिसत नाही.

कारण
कर्नल नियंत्रकाला त्याच्या पीसीआय क्रमांकावरून ओळखतो. हा क्रमांक ड्रायव्हरच्या यादीत नसल्यास नियंत्रक वापरता येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मधून अनेक जुन्या नियंत्रकांचे समर्थन काढण्यात आले. एलएसआय कंपनीची एसएएस २००८ चिप त्यांपैकीच होय.

निवारण
नियंत्रकाच्या स्वतःच्या मेनूत संच सुस्थितीत दिसत असल्यास ड्रायव्हर तपासतात. एलएसपीसीआय या आज्ञेने क्रमांक पाहून, त्याच कर्नल आवृत्तीसाठी तयार केलेला ड्रायव्हर आयएनएसटी.डीडी या बूट पर्यायाद्वारे पुरवतात. तो इनिटरॅमएफएसमध्येही समाविष्ट असावा लागतो. अन्यथा स्थापना पूर्ण होऊनही प्रणाली सुरू होत नाही.

दक्षता
डिस्क न दिसणे म्हणजे ती बिघडणे नव्हे. ड्रायव्हर न तपासता संच पुसून नव्याने बांधल्यास त्यावरील माहिती गमावली जाते.