गावच्या औषधपेटीचा वारसा

बाळ दवाखान्यातून घरी आले, की जन्मापासून तिसऱ्या दिवशी आशाताईने, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने, त्या घरी जायचे, असा आज नेम आहे. ती साबणाने हात धुते, बाळाच्या काखेत थर्मामीटर धरते, त्याला कापडी झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्याला अडकवते आणि मग घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीची हालचाल मोजते. श्वास साठावर गेले, तर बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीही तिची फेरी असते. सरकारी योजनेतले एक काम म्हणून आपण याकडे पाहतो. पण गावातल्याच एका साध्या माणसाच्या हाती औषधांची पेटी देण्याच्या या कल्पनेला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. ती सरकारी कचेरीत जन्मली नाही. ग्रामीण परगण्यांत ठाण मांडून बसलेल्या लहान संस्थांनी ती जोपासली, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचली ती दोन देशांतून, अनेक हातांतून.

या कल्पनेच्या आधीचा काळ आपण थोडा पाहू. गावात सुईण होती, वैदू होता, जडीबुटी जाणणारी आजी होती. बाहेरून येणारा पहिला माणूस म्हणजे देवी टोचणारा. बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आलेली लस 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, आणि तिथून ती देशभर पसरली. पण टोचणारा सरकारचा माणूस. तो येई, टोची आणि पुढच्या गावाला जाई. पुढे शतकभराने, 1903मध्ये, लेडी कर्झनच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया राणीच्या नावाने निधी उभा राहिला आणि गावोगावच्या सुइणींना प्रशिक्षण देण्याचा प्रयत्न झाला. सुईण गावची होती, तरी तिच्यामागे सतत उभी राहणारी व्यवस्था नव्हती. एकाकडे शास्त्र होते पण मुक्काम नव्हता, दुसरीकडे मुक्काम होता पण पाठबळ नव्हते. ही दोन टोके जोडण्याचे काम पुढे ज्या ठिकाणी झाले, तिथे जाण्यासाठी आपल्याला आधी पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्सला वळसा घालावा लागतो.

1918 साली येल विद्यापीठातून नुकताच पदवीधर झालेला यान यांगचू हा चिनी तरुण वायएमसीएच्या वतीने फ्रान्समध्ये दाखल झाला. तिथे दोस्तराष्ट्रांसाठी खंदक खणायला आणि ओझी वाहायला हजारो चिनी मजूर आणले होते. त्यांची घरची पत्रे लिहून देण्याचे काम यानच्या वाट्याला आले. रोज शेकडो पत्रे लिहिताना त्याला वाटले, की या माणसांना स्वतःलाच लिहायला शिकवावे. त्याने रोजच्या वापरातली हजारभर चित्राक्षरे निवडून वर्ग सुरू केले. मायदेशी परतल्यावर 1923मध्ये त्याने लोकशिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. शहरांतून साक्षरतेच्या मोहिमा काढता काढता त्याच्या ध्यानात आले, की चीन राहतो खेड्यात, तेव्हा खेड्यातच जाऊन राहिले पाहिजे. 1926पासून संस्थेने बीजिंगच्या नैर्ऋत्येचा डिंग-श्येन हा परगणा कामासाठी धरला. वस्ती सुमारे चार लाख, गावे 472. तिथल्या जाइचेंग गावात मी आडनावाच्या एका घराण्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच शाळा आणि गावसुधारणेचे प्रयोग केले होते. त्या विस्मृतीत गेलेल्या पूर्वसुरींनी नांगरून ठेवलेल्या जमिनीतच हे बी पडले. 1929मध्ये यान स्वतः कुटुंबासह तिथे राहायला गेला. शहरात शिकलेले अनेक जण त्याच्या मागोमाग आले.

अज्ञान, दारिद्र्य, रोग आणि दुबळा कारभार या चार दुखण्यांवर एकाच वेळी उपचार करायचा, अशी संस्थेची भूमिका होती. त्यांपैकी रोगाची जबाबदारी 1932मध्ये चेन झीचियान या तरुण डॉक्टरने घेतली. तो बीजिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातला, आणि तिथले सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक जॉन ग्रँट यांचा विद्यार्थी. पाहणीत आढळले होते, की परगण्यातल्या 220 गावांत औषधोपचाराची कसलीच सोय नाही आणि उरलेल्या गावांत आपापल्या परीने शिकलेले वैदूच काय ते आहेत. डॉक्टर परवडणार नव्हते, आणि परवडले तरी खेड्यात टिकणार नव्हते. चेनने मग संस्थेच्या साक्षरता वर्गातून बाहेर पडलेल्या शेतकऱ्यांमधूनच माणसे निवडली. त्यांना सुमारे दहा दिवस शिकवले आणि हाती एक पेटी दिली: डोळ्यांचे, जखमेचे, पोटाचे मोजके औषध आणि पट्ट्या. जन्ममृत्यूची नोंद ठेवायची, देवी टोचायची, विहिरीची स्वच्छता पाहायची, एवढेच काम. जे आवाक्याबाहेर असेल ते वरच्या केंद्रात, आणि तिथूनही पुढे परगण्याच्या रुग्णालयात पाठवायचे. गाव, केंद्र, रुग्णालय ही तीन पायऱ्यांची रचना आज जगभर ओळखीची आहे. ती एका बिगरसरकारी संस्थेने एका ग्रामीण परगण्यात बांधून दाखवली. तिच्यात उणीव होती ती एका जागी. हे कार्यकर्ते पुरुष होते, आणि बाळंतिणीच्या खोलीचे दार त्यांना बंद होते. ही उणीव ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

1937मध्ये जपानी फौजा आल्या आणि डिंग-श्येनचा प्रयोग मोडला. त्याच टापूत, शेजारच्या तांग परगण्यात, पुढे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. कोटणीस भारतातून चीनला गेले. कल्पना मात्र उलट दिशेने निघाली होती. चेनचे गुरू जॉन ग्रँट 1939मध्ये कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली भारताच्या आरोग्याचा आराखडा आखणाऱ्या समितीत बसले. 1946च्या भोर अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांची साखळी आहे, आणि गावात आरोग्य समिती असावी हेही सांगितले आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्रांच्या इमारती उठू लागल्या. गावातला माणूस मात्र या रचनेत मागे राहिला. पेटी केंद्राच्या कपाटातच थांबली.

ती कपाटातून बाहेर निघाली आपल्याच एका दुष्काळी तालुक्यात. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुप्याचे रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी मेबल, दोघेही वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांनी पाहिले, की बरी होऊन गेलेली माणसे तोच आजार घेऊन पुन्हा येतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला ते कार्ल टेलर यांच्या हाताखाली शिकले. टेलर यांचा जन्म भारतातला, आणि पंजाबातल्या नारंगवालला त्यांनी खेड्यांच्या आरोग्याचा मोठा अभ्यास चालवला होता. 1970मध्ये आरोळे दांपत्य जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्यात त्यांनी काम थाटले. लोकांना काय हवे, हे त्यांनी आधी विचारले. लोकांनी पाणी आणि धान्य मागितले. 1972च्या दुष्काळात लहान मुलांसाठी गावोगाव अन्न शिजू लागले, कूपनलिका खणल्या गेल्या. हातपंप कुठे बसवायचा हा प्रश्न आला तेव्हा तो दलित वस्तीत बसवला गेला, आणि पाण्यासाठी सगळे गाव तिथे येऊ लागले. संध्याकाळी तरुण शेतकऱ्यांबरोबर व्हॉलीबॉल खेळता खेळता शेतकरी मंडळे उभी राहिली. आरोग्याचे काम इतक्या आडवाटेने सुरू झाले म्हणूनच ते गावाचे झाले.

आरंभी संस्थेने शिकलेल्या परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या. त्या एकट्या राहीनात, आणि गाव त्यांना आपले मानीना. तेव्हा गावकऱ्यांशी झालेल्या बोलण्यातूनच वाट निघाली: गावातलीच, लेकुरवाळी, विश्वासाची बाई गावाने निवडावी. निवडून आलेल्यांत अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित होत्या, काही टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवत, एकाच खोलीत झोपत, आणि गावात काय घडले ते एकमेकींना सांगत शिकत. कुणाचे मूल जुलाबाने सुकले, कुणाच्या घरी दिवस राहिलेली सून उपाशी आहे, कुणाच्या अंगावर चट्टा दिसतो, हे सगळे त्या बायांच्या वर्तुळात येई. परत जाताना त्या साखर-मिठाच्या पाण्याची रीत, वजन करण्याचा काटा आणि स्वच्छ बाळंतपणाची समज घेऊन जात. डिंग-श्येनला जे दार बंद होते, ते त्यांना उघडे होते, कारण त्या त्याच घरांतून आल्या होत्या. 1971मध्ये या भागात हजार जन्मांमागे 176 बाळे वर्ष पुरे होण्याआधी दगावत. 1990च्या दशकात हा आकडा तिशीखाली आला. 1979चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला, पण त्याचे खरे मानकरी कोण हे जामखेड भागातल्या वाड्यावस्त्यांना ठाऊक होते.

त्याच सुमारास चीनमध्ये चेनची कल्पना निराळ्या वेषात परत आली होती. माओच्या 1965च्या आदेशानंतर गावोगाव ‘अनवाणी डॉक्टर’ उभे राहिले. खुद्द चेनला मात्र त्या राजवटीत मानखंडना सोसावी लागली. 1975मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या अशा प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण होते. सप्टेंबर 1978मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात प्राथमिक आरोग्याची घोषणा झाली, तिच्यामागे ही सारी पुण्याई होती. भारत सरकारने तर त्याआधीच, 2 ऑक्टोबर 1977 रोजी, हजार वस्तीमागे एक ग्रामआरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली: तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना 50 रुपये मानधन, एक पेटी. नेमणुका बहुतांशी पुरुषांच्या झाल्या, निवडीत गावातल्या वजनदारांचा शब्द चालला, आणि शिकवणीनंतर मागे उभे राहणारे कोणी नव्हते. पेटी मिळाली, वर्तुळ मिळाले नाही. योजना हळूहळू विझली.

वर्तुळ जिवंत ठेवले ते पुन्हा संस्थांनीच. जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी अलिबागजवळ मांडव्याला तीस गावांतल्या तीस स्त्रियांना शिकवले आणि त्या पदवीधरांच्या तोडीचे काम करतात हे पाहून ते थक्क झाले. 1982मध्ये नव्याने निर्माण झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था उभारली. जॉन्स हॉपकिन्सचे शिक्षण त्यांच्याही गाठीशी होते. अक्षरशत्रू सुइणीलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मणी ओवलेले, मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडलेले साधन बनवले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी मणी संपले तर समजायचे, न्यूमोनिया. पुढे 39 गावांतल्या आरोग्यदूत स्त्रियांनी नवजात बाळांची घरीच देखभाल केली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने डिसेंबर 1999मध्ये हा निष्कर्ष छापला, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतले शेवटचे अंतरही कापले गेले होते.

12 एप्रिल 2005 रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, हजार वस्तीमागे एक आशा आली, आणि 2011पासून गडचिरोलीची घरभेट तिच्या कामात सामील झाली. 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत महाराष्ट्रातल्या आशा वाढीव मानधनासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. शंभर वर्षांचा रस्ता चालून आपण इथवर आलो आहोत. डिंग-श्येनने पेटी दिली, जामखेडने ती बाईच्या हाती दिली, गडचिरोलीने तिला शास्त्राची धार दिली, आणि शासनाने ती देशभरातल्या घरांच्या उंबरठ्यावर नेली. शासनाला जे अजून साधायचे आहे, ते या संस्थांनी आधीच करून ठेवले आहे: गावाने निवडलेली बाई, तिच्या कष्टाचा मान राखणारा मोबदला, आणि आठवड्यातून एकदा तिने येऊन बसावे, बोलावे, शिकावे अशी हक्काची जागा. या तीन गोष्टी जिथे एकत्र आल्या, तिथे मुले जगली. म्हणून पुढची योजना आखताना जामखेडच्या त्या खोलीतल्या बायकांना आधी विचारावे, आणि कागद मग काढावा.